पूर्ण नाव, तारीख, ठिकाण

दुपारी २.३२ वाजता रशियन हवाई दलाचा जमिनीवरचा नियंत्रक वैमानिकाला अक्षांश-रेखांश वाचून दाखवतो. २.३८ ला वैमानिक कळवतो, लक्ष्य दिसलं, नेम बसला. खालून परवानगी मिळते. २.४० ला तो एकच शब्द बोलतो, ‘स्राबोताल’. काम झालं. काही सेकंदांत तीन बॉम्ब ‘नबद अल हयात’ या शस्त्रक्रिया रुग्णालयाचं छत फोडून आत शिरतात आणि माती-काँक्रीटचे लोट वर उसळतात. तारीख ५ मे २०१९. गाव हास, प्रांत इदलिब, वायव्य सीरिया.

इतक्या मिनिटवार हे आज सांगता येतं, कारण एकमेकांना न ओळखणाऱ्या काही माणसांनी त्या दुपारी आपापली नोंद ठेवली होती. कुणीतरी रशियन वैमानिकांचं रेडिओवरचं बोलणं टेप करत होतं. जमिनीवरून टेहळणी करणाऱ्या एकाने त्याच वेळी त्या भागात घिरट्या घालणारं रशियन विमान टिपून ठेवलं होतं. हल्ला होणार याची कुणकुण लागल्यामुळे स्थानिक पत्रकार कॅमेरे रोखून होते. रुग्णालयाला मदत करणाऱ्या संस्थेने हल्ल्याची वेळ स्वतंत्रपणे लिहून ठेवली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बातमी छापली: बारा तासांत चार रुग्णालयं, आणि चारही रशियन विमानांच्या बॉम्बखाली सापडलेली. आम्ही फक्त दहशतवाद्यांना अचूक टिपतो, हे रशियाचं तोवरचं पालुपद होतं.

या साऱ्या माणसांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो टेहळ्या. सरकारविरोधी भागात अशा टेहळणी करणाऱ्यांचं जाळंच होतं. ‘मर्सद’ म्हणत त्यांना. हातात वॉकीटॉकी, नजर आकाशाकडे. लताकियाजवळच्या ह्मेइमीम तळावरून विमान उडालं की त्याची वेळ, जात आणि दिशा रेडिओवरून पुढच्या गावाला, तिथून त्याच्या पुढच्या गावाला. शाळा सोडा, बाजार उठवा, तळघरात जा, एवढ्यासाठीच हा खटाटोप. न्यायालयात कधी पुरावा लागेल म्हणून यांनी वेळा लिहिल्या नव्हत्या. जीव वाचवायला ठेवलेली वही पुढे साक्षीदार झाली.

रुग्णालयांवर हल्ला होऊ नये म्हणून त्यांची ठिकाणं संयुक्त राष्ट्रांमार्फत लढणाऱ्या पक्षांना कळवण्याची व्यवस्था होती. त्या यादीतल्या ठिकाणांवरही बॉम्ब पडले. मग संयुक्त राष्ट्रांनी चौकशी मंडळ नेमलं. एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सारांशात बऱ्याच घटनांबद्दल निष्कर्ष असा होता की हल्ला सीरियन सरकार ‘आणि/किंवा त्याच्या मित्रांनी’ केला असण्याची दाट शक्यता आहे. रशियाचं नाव नाही. चौकशी अहवालांची भाषा वाचायची सवय असलेल्या आपल्या वाचकांना त्या ‘आणि/किंवा’मध्ये काय काय दडवता येतं हे समजावून सांगायला नको.

पण नबद अल हयात हे सोपं प्रकरण होतं. रुग्णालय तीन दिवस आधीच रिकामं केलेलं होतं आणि पुरावा भक्कम होता. सीरियातल्या बहुतेक हल्ल्यांत नेमकं उलटं झालं. इमारत भरलेली, आणि पुरावा म्हणजे ढिगारा.

गृहयुद्धाला मार्च २०११ मध्ये दरआ शहरातल्या निदर्शनांनी सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये सरकारने स्वतःच्या शहरांवर विमानं आणि हेलिकॉप्टरं पाठवली. बॅरल बॉम्ब तेव्हा जगाला ठाऊक झाला. तेलाच्या पिंपात स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे भरायचे, वात लावायची आणि हेलिकॉप्टरच्या दारातून पिंप ढकलून द्यायचं. त्याला नेम नसतो, खाली जे असेल ते त्याचं. सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये ठराव क्रमांक २१३९ करून हा वापर थांबवायला सांगितलं. वापर थांबला नाही. ‘सीरियन नेटवर्क फॉर ह्यूमन राइट्स’ या संस्थेने २०२१ पर्यंतच्या सुमारे नऊ वर्षांत जवळपास ८२ हजार बॅरल बॉम्बची नोंद केली. त्यांत मेलेले नागरिक ११,०८७, पैकी मुलं १,८२१.

हा ११,०८७ आकडा अंदाज नाही, बेरीज आहे. एकेक ओळ लिहून केलेली. ती ओळ कशी तयार होते ते पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

बॉम्ब पडला की आधी पोचतात ते नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक, जगात ‘व्हाइट हेल्मेट्स’ म्हणून ओळखले जाणारे. सुतार, शिंपी, शिक्षक, विजेची कामं करणारे. पुष्कळांच्या हेल्मेटवर कॅमेरा. पोचल्यावर लगेच कामाला लागायचं की थांबायचं, हा पहिला प्रश्न. कारण तेच विमान दहा-पंधरा मिनिटांनी फिरून येतं आणि जमलेल्या गर्दीवर दुसरा बॉम्ब टाकतं. ‘डबल टॅप’ हा शब्द त्या भागातल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी बसलेला होता. दलाचे अडीचशेहून अधिक स्वयंसेवक युद्धात मारले गेले, त्यातले पुष्कळ या दुसऱ्या फेरीत.

मृतदेह रुग्णालयात किंवा मशिदीच्या अंगणात आणतात. नोंद करणारा तिथे असतो, आणि तो बहुतेक त्याच भागातला असतो. चेहरा ओळखू येत असेल तर फोटो, नसेल तर कपडे, अंगठी, दातांची ठेवण. मग नाव. नुसतं मोहम्मद चालत नाही. सीरियात एका मोठ्या वस्तीत त्याच नावाचे, त्याच आडनावाचे कित्येक मोहम्मद निघतात. वडिलांचं नाव हवं, जमलं तर आईचं हवं, मूळ गाव, वय. नागरिक की हातात बंदूक असलेला, हा रकाना सर्वांत अवघड. भाऊ म्हणतो, तो शेतकरी होता. शेजारी म्हणतो, शेतकरी होता पण रात्री नाक्यावर पहारा द्यायचा. लिहायचं काय?

शिवाय दफन थांबत नाही. उन्हाळ्यात तर संध्याकाळपर्यंत सगळं उरकलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीतले मृत दारात असतात. लांबच्या गावी पळून आलेलं विस्थापित कुटुंब सगळंच्या सगळं गेलं, तर नाव सांगायला मागे कुणी उरत नाही. अशा ओळी ‘अनोळखी’ म्हणून राहतात. बाईच्या जागी ‘अमक्याची बायको’ आणि मुलांच्या जागी ‘त्यांची तीन मुलं’ एवढंच लिहिलेलं असतं. ती ओळ पुढच्या चाळणीतून पडणार हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

ही चाळणी बसवणाऱ्यांत रझान झैतुनेह ही दमास्कसची वकील अग्रभागी होती. राजकीय कैद्यांचे खटले लढवणारी, उठाव सुरू झाला तेव्हा जेमतेम चौतिशीची. २०११ मध्येच तिने सहकाऱ्यांबरोबर ‘व्हायोलेशन्स डॉक्युमेंटेशन सेंटर’ उभं केलं. त्याच वर्षी युरोपीय संसदेच्या साखारोव्ह पुरस्कारात तिचं नाव होतं. ती भूमिगत राहून काम करत होती. सरकारच्या बॉम्बने मेलेल्यांची यादी करता करता तिच्या केंद्राने दुसरंही एक काम केलं, आणि आजूबाजूच्या पुष्कळांना ते मानवलं नाही. बंडखोर गटांच्या हातून मेलेल्यांची, त्यांच्या कोठड्यांतल्या माणसांचीही नोंद होऊ लागली. सरकारी बाजूच्या मृतांनाही तिच्या यादीत जागा होती.

९ डिसेंबर २०१३ च्या रात्री दमास्कसजवळच्या दूमामध्ये सशस्त्र माणसं तिच्या कचेरीत घुसली. रझान, तिचा नवरा वाएल हमादा, समीरा अल-खलील आणि नाझिम हम्मादी या चौघांना उचलून नेलं. दूमा तेव्हा सरकारच्या ताब्यात नव्हतं. तिथे ‘जैश अल-इस्लाम’ या बंडखोर गटाचं राज्य होतं आणि संशय त्यांच्यावरच आहे. त्यांनी तो नाकारला आहे. चौघांचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही. ज्या यादीसाठी तिने जीव धोक्यात घातला, त्या यादीत तिची स्वतःची ओळ पुरी होत नाही, कारण तारीख आणि ठिकाण दोन्ही रकाने रिकामे आहेत.

बाहेरच्या जगाला मात्र एकच आकडा हवा होता. जानेवारी २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्ले यांनी तो दिला: नोव्हेंबर २०१२ अखेर ५९,६४८ मृत. वेगवेगळ्या गटांच्या याद्या घेऊन, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावं जुळवून काढलेला. त्याच वर्षी जूनमध्ये ९२,९०१. ऑगस्ट २०१४ मध्ये १,९१,३६९. आणि मग काम थंडावलं. माहितीची खातरजमा करणं शक्य उरलेलं नाही म्हणून नियमित मोजणी थांबवत असल्याचं कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्येच सांगितलं होतं. युद्धातल्या कित्येक भीषण लढाया मात्र त्यानंतरच्या. अलेप्पोचा पाडाव, पूर्व घूताचा पाडाव, रक्का, सगळं पुढचंच. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत स्टाफान दे मिस्तुरा यांनी चार लाख असा आकडा सांगितला आणि हा आपला वैयक्तिक अंदाज आहे अशी पुस्तीही जोडली. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या बातम्यांत तोच गोल आकडा फिरत राहिला. आपल्याकडेही.

सप्टेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या उच्चायुक्त मिशेल बॅशेलेट यांनी पुन्हा पक्का आकडा मांडला: दहा वर्षांत ३,५०,२०९. त्यांत बायका २६,७२७ आणि मुलं २७,१२६. ज्याची तीन गोष्टींसह नोंद आहे तोच यात धरला होता. पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण. तिन्हींपैकी एक नसेल तर ओळ बाद. ‘अमक्याची बायको’ बाद. ‘त्यांची तीन मुलं’ बाद. पहिल्यांदा वाचताना हा नियम क्रूर वाटतो. त्याच्याशिवाय मात्र प्रत्येक आकड्यावर कुणीही उठून म्हणू शकलं असतं, दाखवा हा माणूस.

मग बाद झालेल्यांचं काय? आणि ज्यांची ओळच कुणी लिहिली नाही त्यांचं?

इथे संख्याशास्त्र मदतीला येतं. लग्नघरात काका आणि मामा एकमेकांना न विचारता आमंत्रितांची यादी करायला बसले, असं समजा. काकांच्या यादीत शंभर नावं, मामांच्या यादीत ऐंशी. दोन्हींत असलेली नावं पंचाहत्तर निघाली तर खुशाल समजावं की फारसं कुणी राहिलेलं नाही. सामाईक नावं चाळीसच निघाली तर मात्र धसका घ्यावा. मामांच्या ऐंशीतले निम्मेच काकांना सुचले, म्हणजे काकांची शंभर नावं हीही एकूण गोतावळ्याच्या निम्मीच असणार. खरा आकडा दोनशेच्या घरात, आणि दोघांनाही न सुचलेले साठ जण. प्रत्यक्षात गणित इतकं सरळ नसतं, कारण प्रसिद्ध कार्यकर्ता सगळ्यांच्याच यादीत असतो आणि आडरानातल्या वाडीतला मेंढपाळ कुणाच्याच नसतो. म्हणून दोनाऐवजी अनेक याद्या घेतात, त्यांचं एकमेकांवरचं अवलंबन मोजतात. अमेरिकेतल्या ‘ह्यूमन राइट्स डेटा अ‍ॅनालिसिस ग्रुप’ने हे तंत्र ग्वातेमालापासून कोसोव्होपर्यंत वापरलं आहे. त्यांचे पॅट्रिक बॉल सर्बियाचे माजी अध्यक्ष मिलोसेविच यांच्या खटल्यात साक्षीला उभे होते. सीरियासाठी आठ स्रोत जुळवले गेले आणि जून २०२२ मध्ये उत्तर आलं: मार्च २०११ ते मार्च २०२१ या काळात मारले गेलेले नागरिक ३,०६,८८७. त्यांपैकी १,४३,३५० जणांच्या नोंदी आहेत, उरलेले १,६३,५३७ गणिताने शोधलेले. दिवसाला सरासरी ८३ नागरिक. यात विमानहल्ल्यांखेरीज तोफा, गोळीबार सगळं आलं. उपासमारीने, औषधाविना गेलेले मात्र यात नाहीत.

या गणिताचं एक मूळ आपल्या मातीत आहे. मासे मोजणाऱ्यांना ही युक्ती आधीपासून माहीत होती, पण माणसांच्या जन्म-मृत्यूंना ती नीट लावून दाखवली सी. चंद्रशेखरन या भारतीय आणि एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी, १९४९ साली. त्यांची सामग्री होती कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातली: सरकारी दप्तरातली जन्म-मृत्यूंची नोंद एकीकडे, घरोघर जाऊन केलेली यादी दुसरीकडे. सरकारी दप्तरातून किती मरण निसटतं हे शोधायचं होतं. चंद्रशेखरन पुढे मुंबईतल्या लोकसंख्याशास्त्र केंद्राचे संचालक झाले. देवनारची आजची ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस’ म्हणजे तीच संस्था. तापाने आणि पटकीने मेलेल्यांसाठी उभं केलेलं गणित सत्तरेक वर्षांनी अलेप्पोच्या कामी आलं.

मोजणी नेहमी आकडा वाढवतेच असं नाही. बोस्नियाच्या युद्धात दोन लाख मेले, असं जग वर्षानुवर्षं म्हणत होतं. सारायेवोत मिर्साद तोकाचा यांच्या संस्थेने एकेक नाव गोळा केलं आणि बेरीज आली ९५,९४०. त्यांच्या स्वतःच्याच माणसांतले पुष्कळ जण खवळले. आमचं दुःख अर्धं केलंत, असा एकूण सूर. पण त्या यादीनंतर बोस्नियात कोण किती मेलं यावर खोटं बोलणं सगळ्याच बाजूंना जड जाऊ लागलं. त्याहून जुनं उदाहरण गेर्निकाचं. स्पेनच्या गृहयुद्धात २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी हे बास्क गाव जाळलं. बास्क सरकारने मृतांचा आकडा १,६५४ सांगितला. आजचे इतिहासकार बहुतेक दीडशे ते तीनशेच्या दरम्यान सांगतात. फ्रँकोच्या बाजूने तर विमानं आलीच नाहीत, लाल सैनिकांनीच गाव पेटवलं, असं ठोकून दिलं. सीरियात व्हाइट हेल्मेट्सवर मॉस्को आणि दमास्कसने हाच आरोप लावला: हल्ला झालाच नाही, यांनीच नाटक रचून चित्रीकरण केलं. कॅमेरे बदलले, थाप तीच राहिली. अशा थापेसमोर फुगवलेला आकडा हा शत्रूला दिलेला दारूगोळा असतो, आणि चांगल्या नोंदकर्त्याला आपल्याच शोकाला आवर घालायचा संयम लागतो. माझ्या मते या साऱ्या कामातलं सर्वांत अवघड हेच.

वाचकाला एव्हाना वाटलं असेल की खलनायक दमास्कस आणि मॉस्को एवढेच. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने २०१४ पासून इराक आणि सीरियात ‘इस्लामिक स्टेट’वर बॉम्ब टाकले, आणि तिथली गोष्ट वेगळ्या तऱ्हेने अस्वस्थ करते, कारण या आघाडीकडे चौकशीची यंत्रणा होती. अर्ज घेतले जात, फायली उघडल्या जात, शेरे मारले जात. बहुतेक फायलींवर शेरा एकच: विश्वासार्ह नाही.

मार्च २०१७ मध्ये अलेप्पोजवळच्या अल-जीना गावात संध्याकाळच्या वेळी हल्ला झाला. अमेरिकेने सांगितलं, अल-कायदाची बैठक उडवली. मशिदीला धक्काही लावला नाही. पुरावा म्हणून आकाशातून घेतलेलं छायाचित्र दिलं: जुनी लहान मशीद शाबूत, समोरची इमारत उद्ध्वस्त. गावकरी म्हणत होते, ती समोरची इमारत हीच नवी मशीद. ‘ह्यूमन राइट्स वॉच’, ‘बेलिंगकॅट’ आणि ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ या संस्थांनी गावकऱ्यांचे फोटो, मोबाइलवरची दृश्यं आणि बांधकामाचे तपशील जोडून इमारतीची प्रतिकृती संगणकावर उभी केली: कुठे वजूची जागा, कुठे प्रार्थनेचा हॉल, कुठे मिंबर म्हणजे प्रवचनाचा चौथरा. किमान ३८ माणसं मेली होती. जूनमध्ये अमेरिकी लष्कराने मान्य केलं की ती इमारत मशिदीच्या आवाराचा भाग आहे हे आपल्या लोकांच्या लक्षात आलं नव्हतं. नागरिक मात्र त्यांच्या हिशेबात बहुधा एकच मेला.

अझमत खान आणि आनंद गोपाल या दोन पत्रकारांनी उत्तर इराकमध्ये सुमारे दीडशे हल्ल्यांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन चौकशी केली. आघाडी सांगत होती त्याच्या ३१ पट अधिक वेळा नागरिक मारले गेल्याचं २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं. त्या लेखातला मोसुलचा एक माणूस विसरता येत नाही. सप्टेंबर २०१५ च्या एका रात्री त्याची बायको, मुलगी, भाऊ आणि पुतण्या झोपेतच गेले. काही तासांत आघाडीने त्या हल्ल्याची चित्रफीत यूट्यूबवर टाकली, ‘मोटारबॉम्बचा कारखाना’ उद्ध्वस्त केल्याची. पडद्यावर त्याला त्याचं घर दिसत होतं. अमेरिकेने पुढे त्याला १५ हजार डॉलर देऊ केले. त्याने घेतले नाहीत. विमान डच हवाई दलाचं होतं हे नंतर उघड झालं आणि नेदरलँड्सने त्याला भरपाई दिली.

खान यांनी मग माहितीच्या अधिकारात आणि कोर्टकचेऱ्या करून पेंटॅगॉनच्या तेराशेहून अधिक चौकशी-फायली मिळवल्या आणि २०२१ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. एका फायलीत इराकमधल्या रमादीचा हल्ला आहे: एक माणूस ‘जड वस्तू’ ओढत इमारतीत नेताना ड्रोनमधून दिसला, म्हणून इमारत उडवली. चौकशीत ठरलं की ती वस्तू म्हणजे ‘लहान चणीची व्यक्ती’. मूल होतं. उत्तर सीरियातल्या तोखार वस्तीवर जुलै २०१६ मध्ये पहाटेच्या आधी हल्ला झाला. लष्कराच्या हिशेबात ८५ लढवय्ये ठार. प्रत्यक्षात लढाईपासून लांब, रात्रीच्या आसऱ्याला एकत्र जमलेली शेतकरी कुटुंबं होती आणि मेलेल्यांची संख्या १२० च्या वर. या हजारो पानांत कुणावर शिस्तभंगाची कारवाई झाल्याचा एकही कागद नव्हता.

रक्का शहरासाठी जून ते ऑक्टोबर २०१७ अशी चार महिन्यांची लढाई झाली. अ‍ॅम्नेस्टी आणि लंडनच्या ‘एअरवॉर्स’ने २०१९ मध्ये एकत्रित काम मांडलं: आघाडीच्या हल्ल्यांत १,६०० हून अधिक नागरिक मृत, त्यांपैकी हजारावर जणांची नावं हाती. एअरवॉर्स ही ख्रिस वूड्स या पत्रकाराने २०१४ मध्ये सुरू केलेली छोटी संस्था. अरबी फेसबुकवर त्या त्या गल्लीतले लोक श्रद्धांजलीच्या पोस्ट लिहितात, त्या वाचायच्या आणि हल्ल्यांच्या अधिकृत वेळांशी जुळवायच्या, हे त्यांचं रोजचं काम. संपूर्ण मोहिमेत आघाडीने कबूल केलेले मृत सुमारे १,४००. एअरवॉर्सच्या हिशेबात किमान आठ हजारांच्या पुढे.

इंटरनेटवर ठेवलेला पुरावा इंटरनेटच गिळू शकतं, हेही याच काळात कळलं. २०१७ मध्ये यूट्यूबने दहशतवादी प्रचार ओळखून काढणारी स्वयंचलित यंत्रणा बसवली आणि सीरियन नोंदकर्त्यांच्या लाखो चित्रफिती एका फटक्यात गायब झाल्या. यंत्राला बॉम्ब, रक्त आणि अरबी एवढंच दिसलं. बर्लिनमधल्या ‘सीरियन अर्काइव्ह’चे हादी अल-खतीब आणि सहकारी पुढे किती तरी काळ त्या परत मिळवण्यात गुंतले. ज्यांच्या मूळ प्रती बॉम्बखाली गेल्या होत्या आणि ज्या उतरवून ठेवणारे स्वतःच मेले होते, त्या कुठून परत येणार?

आपल्या घरातलं आणि शेजारचंही थोडं. ५ मार्च १९६६ रोजी, मिझो बंडाच्या वेळी, भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर गोळीबार केला, बॉम्ब टाकले. मिझोराममध्ये तो दिवस दरवर्षी ‘झोराम नी’ म्हणून पाळला जातो. उरलेल्या देशात ऑगस्ट २०२३ मध्ये लोकसभेत पक्षीय भांडणाच्या ओघात त्याचा उल्लेख झाला तेव्हा पुष्कळांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. मणिपूर-नागालँडच्या सीमेपलीकडे म्यानमारचा सागाइंग प्रांत आहे. तिथल्या पाझिजी गावात एप्रिल २०२३ मध्ये लष्करी विमानाने जमावावर बॉम्ब टाकला, मागून हेलिकॉप्टर गोळ्या झाडत आलं, दीडशेवर माणसं मेली. त्या मृतांच्या याद्या सीरियात शिकलेल्या रीतीनेच तयार झाल्या आहेत: फोटो, सावल्यांवरून काढलेली वेळ, उपग्रहाचं चित्र, नाव.

याद्यांचं पुढे होतं काय? बहुतेक वेळा काही नाही. एक अपवाद पॅरिसमध्ये घडतो आहे. ७ जून २०१७ रोजी दरआमध्ये हेलिकॉप्टरमधून टाकलेल्या बॅरल बॉम्बने एका घरात एक माणूस मेला. त्याच्याकडे सीरियन आणि फ्रेंच असं दुहेरी नागरिकत्व होतं. मुलाने फ्रान्समध्ये तक्रार केली. नागरिकत्वामुळे फ्रेंच न्यायालयाला अधिकार मिळाला आणि तपासणाऱ्या न्यायाधीशांनी मागे मागे जायला सुरुवात केली. हेलिकॉप्टर कोणत्या तळावरून उडालं, तळाचा प्रमुख कोण, त्याच्या वर कोण. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांविरुद्ध अटक वॉरंट निघालं. ८ डिसेंबर २०२४ ला बशर अल-असद मॉस्कोला पळाले, राष्ट्रप्रमुख म्हणून असलेलं कवच गेलं, आणि २० जानेवारी २०२५ रोजी त्याच एका मृत्यूसाठी त्यांच्याही नावाचं वॉरंट निघालं. त्या दिवशी दरआत असंच मेलेल्या, पण फ्रेंच पासपोर्ट नसलेल्या शेजाऱ्याची फाईल या न्यायालयात उघडू शकत नाही.

दमास्कसमध्ये आता नवं सरकार आहे. व्हाइट हेल्मेट्सचे प्रमुख राएद अल-सालेह मार्च २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन मंत्री झाले. १७ मे २०२५ रोजी अध्यक्षांच्या फर्मानाने संक्रमणकालीन न्यायासाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला, आणि बेपत्ता माणसांसाठी वेगळा. न्याय आयोगाच्या फर्मानातला मजकूर नीट वाचायला हवा. जुन्या राजवटीने केलेल्या गंभीर अत्याचारांचं सत्य शोधणं, एवढंच काम त्यात लिहिलं आहे. मानवाधिकार संस्थांनी लगेच हरकत घेतली. या व्याख्येत रक्कातले आघाडीच्या बॉम्बने मेलेले सोळाशे बसत नाहीत, बंडखोरांच्या तोफांनी मेलेले बसत नाहीत, आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या दूमामधून एका रात्री उचलून नेलेली चार माणसंही बसत नाहीत. रझान झैतुनेहच्या यादीत या सगळ्यांसाठी रकाना होता.